स्टिरिओसिलिया की किनोसिलियम? नाव सारखं, आतला सांगाडा वेगळा

आतल्या कानातल्या हेअर सेलचा, म्हणजे आवाज आणि तोल टिपणाऱ्या पेशीचा फोटो बघितला की डोक्यावर ताठ उभ्या केसांचा झुबका दिसतो आणि आपण त्या सगळ्यालाच सिलिया (पेशीवरचे केसासारखे भाग, एकवचन सिलियम) म्हणून मोकळे होतो, मी पण तेच करायचो. खरं तर त्यात अस्सल सिलियम एकच असतो, किनोसिलियम. बाकीचे डझनावारी केस म्हणजे स्टिरिओसिलिया, ते नावालाच सिलिया, जातीने मायक्रोव्हिलाय, म्हणजे पेशीवरची बोटांसारखी बारीक टोकं. ज्याने नाव ठेवलं त्याने पुढच्या सगळ्यांना गोंधळात टाकलंय.

फरक आत बघितला की कळतो. किनोसिलियममध्ये मायक्रोट्यूब्यूल, म्हणजे प्रोटीनच्या बारीक पोकळ नळ्या असतात, बाहेर नऊ जोड्या आणि मध्ये दोन सुट्या नळ्या. स्टिरिओसिलियामध्ये मायक्रोट्यूब्यूल नाहीच, तिथे अ‍ॅक्टिन या प्रोटीनचे शेकडो धागे एकमेकांना चिकटून सरळ उभे, काँक्रीटमधल्या सळयांसारखे. मुळाशी केस निमुळता होतो, धागे मोजकेच उरतात, म्हणून आवाज आला की तो मधे वाकत नाही, बुडापाशी कलतो.

आता जीन्सकडे या, खरी गंमत तिथे आहे. गॅमा अ‍ॅक्टिन बनवायचा जीन एसीटीजी१, धागे एकमेकांना बांधणारं प्रोटीन एस्पिन, आणि मायओ१५ए जीनमधून बनणारी मोटर (माल वाहणारं प्रोटीन) व्हर्लिन आणि ईपीएस८ ही दोन प्रोटीन टोकापर्यंत वाहून नेते. ही मोटर बिघडली की उंदरात केस आखूड राहतात, जिन्यासारखी चढती उंची तयारच होत नाही आणि उंदीर बहिरा. टीआरआयओबीपीचा किस्सा तर अजून भारी, तो बुडातली मुळी बनवतो, तो नसला तर केस दिसायला ठीकठाक येतात पण लुळे असतात आणि पुढे झडतात.

किनोसिलियमची जीन्सची टीम वेगळी, उदाहरणार्थ आयएफटी८८, जो सिलियमच्या आत मालाची ने-आण सांभाळतो. २००८ मध्ये उंदरांच्या कॉक्लियात (आतल्या कानातला ऐकण्याचा भाग) तो बंद करून पाहिला तर किनोसिलियम आलाच नाही, पण स्टिरिओसिलिया आले, फक्त दिशा चुकलेली, काही झुबके चक्क गोल झालेले. म्हणजे किनोसिलियम सळया उभ्या करत नाही, झुबक्याच्या इंग्रजी व्हीसारख्या आकाराचं टोक कुठल्या बाजूला असावं ते ठरवायला मदत करतो.

सगळ्यात जास्त घोळ अशर सिंड्रोमबद्दल होतो. त्यात ऐकू येत नाही आणि हळूहळू नजरही जाते, आणि नजरेचा भाग वाचून लोक त्याला थेट सिलियाचा आजार ठरवतात. डोळ्याच्या बाबतीत ते बरंचसं पटतं. कानात मात्र या आजाराच्या टाइप वन प्रकाराचे जीन्स, म्हणजे मायओ७ए, सीडीएच२३, पीसीडीएच१५, हे मुख्यतः अ‍ॅक्टिनच्या झुबक्याशीच संबंधित. शेवटचे दोन मिळून टिप लिंक बनवतात, आखूड केसाच्या टोकापासून शेजारच्या उंच केसाला बांधलेला बारीक दोरा, तो ताणला की चॅनल, म्हणजे पेशीचं बारीक दार, उघडतो. (हीच दोन प्रोटीन सगळ्यात उंच रांगेला किनोसिलियमशीही बांधतात, त्यामुळे दोघांमधली भिंत अगदीच पक्की नाहीये.)

आणि फोटो ओळखताना एक लक्षात ठेवा, सस्तन प्राण्यांच्या कॉक्लियात कान पूर्ण तयार झाला की किनोसिलियम गायब होतो, उंदरात तर जन्मानंतर साधारण दोन आठवड्यांच्या आतच. बॅलन्सच्या अवयवात तो आयुष्यभर राहतो. त्यामुळे मोठ्या उंदराचा हेअर सेल म्हणून कोणी फोटो टाकला आणि त्यात एक उंच केस वेगळा उभा दिसला, तर तो बहुतेक कॉक्लियातला नसतोच.