मुंबई ते लंडन: अंतर तेच, तास वेगळे

मुंबई ते लंडन हे हवाई अंतर साधारण 7,200 किलोमीटर. पृथ्वीच्या गोलावरची सर्वांत जवळची वाट कराचीजवळून निघते आणि इराण, कॉकेशस, काळा समुद्र असं करत युरोपात शिरते. विमानांचा वेग वाढला हे खरंच, पण या मार्गावरचा वेळ खाल्ला तो मुख्यतः थांब्यांनी. आता तो खातात बंद हवाई हद्दी.

सुएझ कालवा 1869 साली सुरू झाला. त्याआधी आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या जहाजाला कित्येक महिने लागत. नंतर बोटीचा प्रवास काही आठवड्यांवर आला. मार्च 1929 मध्ये इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश विमान कंपनीने लंडन–कराची सेवा सुरू केली, तीही सात दिवसांची. त्यात स्वित्झर्लंडमधलं बासेल ते इटलीतलं जिनोआ हा टप्पा चक्क रेल्वेचा. तिकीट विमानाचं आणि रात्र आगगाडीत!

मुंबई या वाटेवर नव्हतीच. ती जोडली गेली 15 ऑक्टोबर 1932 ला, तेही टपालापुरती. जेआरडी टाटा छोट्या पस मॉथ विमानातून कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन निघाले. अहमदाबादला इंधन भरायचं होतं, ते डब्यांतून बैलगाडीवर लादून आणलेलं. तिथून ते जुहूला उतरले. जुहूची जमीन अशी, की पावसाळ्यात चिखल झाला की विमानं पुण्याला हलवावी लागत.

प्रवाशांची खरी सोय झाली स्वातंत्र्यानंतर. 8 जून 1948 ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान कैरो, जिनिव्हा असे थांबे घेत लंडनला निघालं आणि 10 तारखेला पोचलं. हा मार्ग तेव्हा जोखमीचाही होता. 3 नोव्हेंबर 1950 ला हेच विमान आल्प्समधल्या मों ब्लां पर्वतावर कोसळून 48 जण गेले. 1960 मध्ये बोइंग 707 हे जेट विमान आलं आणि वेग जवळजवळ दुप्पट झाला. तरी मध्ये उतरणं काही लगेच सुटलं नाही. एकेका थांब्यावर इंधन भरा, प्रवासी चढवा-उतरवा, की तासभर सहज गेला.

आज सलग उड्डाणाला साधारण नऊ-दहा तास लागतात, परतीला त्याहून थोडे कमी. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेला वाहणारे जोराचे वारे येताना पाठीशी असतात, जाताना समोरून येतात. पण घड्याळ बघून हिशेब करणारे इथे हमखास फसतात, कारण वेळेतला फरक हिवाळ्यात साडेपाच तासांचा, उन्हाळ्यात साडेचारचा.

राहिला हवाई हद्दींचा प्रश्न. फेब्रुवारी 2022 पासून युक्रेनचं आकाश नागरी विमानांना बंद आहे. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननेही भारतीय विमानांना हद्द बंद केली. कराचीवरून जाणारी जवळची वाट मिटल्यावर भारतीय विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला. दिल्लीच्या उड्डाणांना याचा फटका जास्त बसला. मुंबईला समुद्र शेजारीच असल्याने कमी.