सफाइटिक कोरीव लेख

दक्षिण सीरिया, ईशान्य जॉर्डन आणि उत्तर सौदी अरेबियाच्या बेसाल्टी वाळवंटात भटक्या पशुपालकांनी सुट्या काळ्या दगडांवर कोरलेले लेख. या दगडाळ मुलखाला अरबीत ‘हर्रा’ म्हणतात. आजवर ३०,००० हून अधिक लेख नोंदले गेले असून त्यांचा काळ साधारणपणे इ. स. पू. पहिले ते इ. स. चौथे शतक मानला जातो. नाव पडले ते दमास्कसजवळच्या सफा या लाव्हाक्षेत्रावरून. खुद्द सफात मात्र लेख जवळपास नाहीतच.

सिरिल ग्रॅहम या प्रवाशाने १८५७ मध्ये हे लेख पाहिले. एन्नो लिटमान या जर्मन प्राच्यविद्या-अभ्यासकांनी १९०१ मध्ये २८ अक्षरांची वर्णमाला पूर्णपणे उलगडली. अक्षरे फक्त व्यंजनांची. शब्दांमध्ये मोकळी जागा नाही. ओळ उजवीकडून, डावीकडून, खालून वर, कधी दगडाभोवती वेटोळे घेतही जाते. लिपीचे नाते येमेनमधील प्राचीन लिपीशी आहे. आजची अरबी लिपी हिच्यातून नव्हे, पेट्रा येथील प्राचीन नबाती लोकांच्या लिपीतून आली.

बहुतेक लेख ‘अमक्याचा मुलगा तमका’ एवढेच सांगतात, मात्र ही वंशावळ कित्येक पिढ्या मागे जाते. पुढे मजकूर असलाच तर तो उंट चारल्याचा, पावसाची वाट पाहिल्याचा, भावाच्या आठवणीने व्याकूळ झाल्याचा. राजेरजवाड्यांचे शिलालेख वाचणाऱ्याला हे किरकोळ वाटेल. पण गुराख्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेले एवढे प्राचीन लेखन जगात फार थोड्या ठिकाणी आहे. जॉर्डनमधील हानी नावाच्या माणसाच्या थडग्यावरील दगडांच्या राशीत अनेकांनी आपापले नाव आणि शोक कोरून ठेवला आहे. १९५१ मध्ये ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ लँकेस्टर हार्डिंग यांनी या राशीचे उत्खनन केले.

लेखांशेजारी उंट, घोडे, शिकारीचे प्रसंग आढळतात. ‘ही सांडणी अमक्याची’ अशी चित्राखालची सहीही दिसते. क्वचित ‘नबात्यांच्या युद्धाच्या वर्षी’ असा कालनिर्देश असतो.

मोठ्या लेखांच्या शेवटी अनेकदा लात या देवीकडे सुरक्षिततेचे मागणे असते आणि लेख खोडणाऱ्याला आंधळेपणाचा शाप. येथे लिहिणाऱ्याने शब्दाचा खेळही साधला आहे: ‘आंधळे करणे’ आणि ‘खोडणे’ या दोन्हींसाठी एकच धातू, ‘अ-व-र’.