हीटर नसलेल्या टँकसाठी मासे निवडताना

मासे घेण्याची घाई करू नका. आधी टँक भरा, फिल्टर सुरू करा आणि थर्मामीटर लावून आठवडाभर पहाटे सहाचे आणि दुपारी तीनचे तापमान लिहून ठेवा. हवेचे नाही, पाण्याचे. हे आकडे घेऊन दुकानात आलात तर योग्य मासा सांगणे आम्हाला सोपे जाते.

हीटर नाही म्हणजे फक्त थंडीची काळजी, असा बहुतेकांचा समज असतो. पुण्या-नाशकात जानेवारीच्या पहाटे घरातल्या टँकचे पाणी २० अंशांच्या खाली उतरू शकते आणि मे महिन्यात तेच पाणी ३० च्या वर जाते. ही दोन्ही टोके सोसणारा मासाच इथे टिकतो. म्हणून परदेशी याद्यांमध्ये हमखास दिसणारा व्हाइट क्लाउड आम्ही विदर्भ-मराठवाड्यातल्या ग्राहकांना सुचवत नाही. थंडी त्याला मानवते, पण तिथला उन्हाळा नाही.

आमची पहिली पसंती झेब्रा. आपल्याच देशातल्या ओढ्यांमध्ये आणि भातखाचरांच्या कडेला राहणारा हा मासा ऋतूंचे चढउतार सहज पेलतो. २ × १ × १ फुटांच्या टँकमध्ये साधारण ५० लिटर पाणी मावते, त्यात आठ झेब्रा छान राहतात. सहापेक्षा कमी घेऊ नका, दोन-तीनच असले की एकमेकांना हैराण करतात. टँकला झाकण हवेच, हा मासा उडी मारतो. तीन फुटी टँक असेल तर सहा रोझी बार्ब घ्या. मात्र ते कोवळी पाने कुरतडतात, त्यामुळे नाजूक पाणवनस्पती लावू नका. मुंबई-कोकणात पाणी सहसा फार गार होत नाही, तिथे गप्पी आणि प्लॅटीही चालतील.

गोल्डफिश थंडीत तगतो, पण घाण फार करतो आणि वीतभर वाढतो. काचेच्या गोल भांड्यात तो मरतो तो बहुधा थंडीने नाही, त्याच्याच घाणीतून साचलेल्या विषारी अमोनियाने. शिवाय पाच लिटरचे भांडे पटकन तापते आणि पटकन गार होते.

डिस्कस आणि रॅम हे उबदार पाण्यातले मासे हीटरशिवाय नकोच. फायटरला पाणी २४ अंशांच्या वर लागते. गार पाण्यात तो तळाशी पडून राहतो, खात नाही आणि पंख कुजू लागतात.

मासे घरी नेल्यावर बंद पिशवी २० मिनिटे टँकच्या पाण्यावर तरंगत ठेवा. मग ती उघडून दर पाच मिनिटांनी टँकमधले अर्धा कप पाणी तिच्यात घाला, असे चार वेळा करा. मासे जाळीने टँकमध्ये सोडा आणि पिशवीतले पाणी फेकून द्या.

हिवाळ्यात सर्वात जास्त मासे दगावतात ते पाणी बदलताना. गच्चीवरच्या टाकीचे सकाळचे पाणी बर्फासारखे असते. ते थेट ओतू नका. आदल्या दिवशी बादलीत भरून टँकशेजारी ठेवा, क्लोरीन घालवणारे औषध टाका आणि एका वेळी पाव टँकच बदला. थंडीत माशांचे पचन मंदावते आणि माशांची घाण पचवणारे फिल्टरमधले जिवाणूही संथ होतात. पाणी २० च्या खाली असेल तर दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाणे द्या. मे महिन्यात उलट घडते: तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून एअर पंप रात्रीही चालू ठेवा.

तापमान अचानक घसरले की अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसू लागतात. हा परजीवी आहे. तो माशाच्या अंगावर असताना औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही, अंगावरून सुटून पाण्यात मोकळा पोहताना मरतो. गार पाण्यात त्याचे हे चक्र लांबते आणि पूर्ण व्हायला दोन आठवडेही लागू शकतात. त्यामुळे ठिपके गेले म्हणून औषध थांबवू नका. शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही बाटलीवरच्या प्रमाणात आणखी आठवडाभर चालू ठेवा, आणि तेवढे दिवस फिल्टरमधला कोळसा काढून ठेवा, नाहीतर तो औषधच शोषून घेतो.