खाडीच्या मुखावरची लाट आणि चतुर्थीचं गणित

घाटमाथ्यावरचा पाऊस अलीकडे, कोल्हापूरच्या बाजूला उतरला की कुंभी-भोगावतीतून पंचगंगेत येतो आणि नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिसळतो. पलीकडे, कोकणात उतरलेलं पाणी थेट अरबी समुद्राला भिडतं. खाडीच्या मुखाशी लाटा त्याला अडवतात, वेग मरतो आणि वाळू खाली बसते. मालवणजवळच्या देवबागला कर्ली नदीच्या मुखाजवळ दिसणारे वाळूचे दांडे असेच तयार होतात. कोल्हापुरातून सर्फिंगसाठी कोकणात उतरणाऱ्यांनी फळीच्या आधी ही वाळू समजून घ्यावी, कारण लाट कुठे फुटणार हे तीच ठरवते.

पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण 1.3 पट उरली की लाटेचा पाय अडखळतो, माथा पुढे झेपावतो आणि ती फुटते. 1 मीटरची लाट फुटते 1.3 मीटर पाण्यात. समजा, ओहोटीला दांड्यावर अर्धा मीटर पाणी आहे आणि भरतीला दीड मीटर चढतं. पुऱ्या ओहोटीत पडलात तर सरळ वाळूवर आपटाल. पुऱ्या भरतीला 2 मीटर पाणी असतं, तेव्हा तीच लाट न फुटता वरून निघून जाते. कामाचे दोन-अडीच तास मधले, तेही पाणी चढतानाचे.

चढतानाचेच, कारण ओहोटीला खाडीत भरलेलं सगळं पाणी अरुंद मुखातून बाहेर धावतं. त्या प्रवाहावर लाटा आखूड आणि उभ्या होतात, माणूस समुद्राकडे ओढला जातो. अशा वेळी फळी सोडू नये आणि प्रवाहाच्या उलट्या दिशेने झुंजूही नये, त्यात फक्त दम जातो. प्रवाहाला आडवं, पांढरा फेस दिसतो तिकडे हात मारावेत. फेस म्हणजे उथळ वाळू. तिथली लाट किनाऱ्याकडे ढकलते. गुळगुळीत, शांत दिसणारा पट्टा बहुधा खोल प्रवाहाचा असतो. नवखे नेमके तिथेच उतरतात.

भरतीची वेळ काढायला किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, म्हणजे ओहोटीचा तळ नऊच्या आसपास. पहाटे पाचला निघून फोंडा घाट उतरलात तर पाणी वळताना पोहोचाल. दहा ते बारा पाण्यात काढता येतात. पुढे समुद्रावरचा वारा लाटांची घडी मोडतो. हिशेब अंदाजाचा आहे, त्या दिवसाचं भरतीचं वेळापत्रक पाहावंच. आणि संकष्टी असली तर मालवणच्या माशांवर पाणी सोडावं लागेल.

शिकताना 8-9 फुटांची फोमची फळी घ्यावी, घोट्याला दोरी बांधावी. फळीचं नाक बुडत असेल तर वजन पुढे गेलंय. वीतभर मागे सरकावं. पडताना सूर मारू नये, अंग पसरून पडावं आणि हातांनी डोकं झाकावं.

जून ते सप्टेंबर मुखाकडे फिरकू नये. पूर आणि पावसाळी लाटा मिळून दांडा हलवतात, कधी मधोमध फोडतात. त्यामुळे गेल्या डिसेंबरातली जागा या डिसेंबरात होड्यांची वाट झालेली असू शकते. आधी होडीवाल्यांना विचारावं, ‘होडी कुठून बाहेर काढता?’ ते दाखवतील ती जागा सोडून पाण्यात उतरावं.