‘पॉइंट वन’चा घोळ: मल्टिचॅनलमधल्या दहा डेसिबलची पार्श्वभूमी

संगणकाला आठ आउटपुटचा डॅक (डिजिटल ध्वनीचं ॲनालॉग करणारी पेटी) जोडला, पाच स्पीकर आणि एक सबवूफर लावला, स्टिरिओ फाइल झकास वाजली. मग ५.१, म्हणजे पाच मुख्य चॅनल आणि खर्जाचा एक, असं लावलं आणि एक तर खर्ज गायब, नाही तर खिडकीची तावदानं थरथरायला लागली. अशा वेळी दोष बहुधा स्पीकरचा नसतोच. तो एका जुन्या, सिनेमागृहासाठी घेतलेल्या निर्णयाचा असतो.

७० एमएमच्या प्रिंटवर चुंबकीय पट्ट्यांचे सहा ट्रॅक असत: पाच पडद्यामागे, एक प्रेक्षकांभोवती. मुंबईच्या मिनर्व्हात १९७५ साली ‘शोले’ ज्यांनी पाहिला त्यांना सहा ट्रॅक म्हणजे काय ते सांगायला नको. हॉलिवूडमध्ये १९७७ च्या सुमारास कुणाच्या तरी लक्षात आलं, की पडद्यामागच्या पाचांपैकी आतले दोन फारसे उपयोगी पडत नाहीत. मग त्यांच्यावर फक्त खर्ज घालायला सुरुवात झाली. कान खर्जाला मंद असतो. स्फोट संवादाइतका जोरकस वाटायचा तर त्याला कितीतरी जास्त ताकद लागते. ती संवादाच्या ट्रॅकमधून काढायला गेलं तर ट्रॅक फाटतो. म्हणून वेगळी वाट.

डिजिटल ध्वनी फिल्मवर कसा बसवायचा यावर १९८७ मध्ये अमेरिकेतल्या तंत्रज्ञांची बैठक झाली, तेव्हा ही वाट सहावा चॅनल म्हणून कायम राहिली. तिचा पल्ला १२० हर्ट्झपर्यंतच, म्हणून तिला पूर्ण चॅनल न म्हणता ‘पॉइंट वन’ म्हटलं गेलं. हिशेब काटेकोर करायचा तर २४,००० हर्ट्झच्या पल्ल्यात १२० म्हणजे ०.००५. ‘पाच पूर्णांक शून्य शून्य पाच’ पोस्टरवर छापणार कोण?

खरी गुंतागुंत पातळीची आहे. हा चॅनल, म्हणजे एलएफई (लो-फ्रीक्वेन्सी इफेक्ट्स), प्लेबॅकला मुख्य चॅनलपेक्षा १० डेसिबल वर वाजवायचा असं ठरलं. मिक्सिंगच्या थिएटरात पडद्यामागचा प्रत्येक स्पीकर पिंक नॉइजवर (पातळी जुळवायच्या सरसरणाऱ्या चाचणी-आवाजावर) ८५ डेसिबलला लावतात आणि त्याच्यावर २० डेसिबलची मोकळीक धरतात; म्हणजे कमाल १०५. एलएफईची कमाल ११५. वाढ रेकॉर्डिंगमध्ये नाही, वाजवणाऱ्याच्या बाजूला आहे, हे इथे डोक्यात पक्कं बसवायला हवं. त्यातही हे १० डेसिबल ‘त्या पट्ट्यापुरते’ आहेत. पिंक नॉइजमध्ये प्रत्येक सप्तकाला सारखी ऊर्जा असते. ऐकू येणाऱ्या दहा सप्तकांपैकी २० ते १२० हर्ट्झमध्ये जेमतेम अडीच मावतात, म्हणजे ऊर्जा पाव, म्हणजेच ६ डेसिबल कमी. तेव्हा बरोबर लावलेला एलएफई साध्या मीटरवर ९५ नव्हे, ८९ च्या आसपास दिसतो. मीटरवर ९५ येईपर्यंत सबवूफर पिळणारे मी बरेच पाहिलेत, आणि एकेकाळी त्यांच्यात मीही होतो.

शब्दांचा गोंधळ वेगळाच. एलएफई हा माध्यमावरचा चॅनल आहे, सबवूफर ही खोलीतली पेटी. छोट्या स्पीकरांना न झेपणारा खर्ज सबवूफरकडे वळवणं, म्हणजे बास मॅनेजमेंट, हे तिसरंच काम. रिसिव्हरच्या, म्हणजे सगळे स्पीकर चालवणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या, पाठीमागे मात्र सगळ्यांसाठी एकच भोक, त्यावर ‘सब’ लिहिलेलं.

सिनेमापुरता तो निर्णय शहाणपणाचा होता. संगीताच्या गळ्यात तो बांधायला नको होता, असं माझं स्पष्ट मत आहे. पाचही मुख्य चॅनल २० हर्ट्झपर्यंत जातात. डग्ग्याचा घुमारा त्यांच्यातच मावतो. पण १९९९ मध्ये एसएसीडी आणि २००० मध्ये डीव्हीडी-ऑडिओ या संगीताच्या उच्च दर्जाच्या तबकड्या आल्या त्या सहाव्या चॅनलसकट. काही मिक्स करणाऱ्यांनी सिनेमाचा संकेत पाळला, काहींनी सबवूफर इतर स्पीकरच्याच पातळीला लावून काम केलं, काहींनी चॅनल कोरा सोडला. त्यात कॉपी होण्याच्या भीतीने हे उच्च दर्जाचे चॅनल ऑप्टिकल तारेतून सोडलेच नाहीत. सहा ॲनालॉग तारा ओढाव्या लागत. त्या वाटेने रिसिव्हरचं बास मॅनेजमेंट सहसा टळायचं. १० डेसिबल प्लेयरने वाढवायचे की रिसिव्हरने? कधी दोघांनीही नाही, कधी दोघांनीही. तक्रारी मात्र डॅकच्या चिपबद्दल चालायच्या.

२००४ ते २००६ दरम्यान एचडीएमआयच्या नव्या आवृत्त्यांनी सहा तारांची एक तार केली, पण संगणकावर वाजवणाऱ्यांपुढे नवा पेच आला: क्रम. सिनेमावाले डावा, मधला, उजवा अशा क्रमाने लिहितात आणि एलएफई शेवटी ठेवतात. वेव्ह फाइलमध्ये डावा, उजवा, मधला आणि चौथा एलएफई. एएसी या कॉम्प्रेस केलेल्या फाइलप्रकारात मधलाच पहिला. चुकून एखादा मागचा चॅनल १० डेसिबल वाढून सबवूफरमध्ये गेला, तर काय होतं ते एकदा कळलं की पुन्हा विसरत नाही.

आता गाठ ॲटमॉसशी, म्हणजे छतावरूनही आवाज देणाऱ्या डॉल्बीच्या पद्धतीशी आहे. सिनेमागृहात तो २०१२ मध्ये आला, घरी २०१४ मध्ये आणि २०१९ पासून स्ट्रीमिंगवरच्या गाण्यांत. त्यात फिरत्या ऑब्जेक्टला (जागा बदलू शकणाऱ्या सुट्या आवाजाला) एलएफईत जाता येत नाही, ती सोय फक्त स्थिर बेडला (ठरलेल्या चॅनलांच्या संचाला) आहे, आणि ५.१ चं स्टिरिओ करताना एलएफई बहुधा टाकूनच देतात. त्यामुळे गाण्यांचे बरेच मिक्सर तिथे महत्त्वाचं काही ठेवत नाहीत. तरी चॅनल आहे, आणि त्याचे १० डेसिबलही आहेत. स्वतः सॉफ्टवेअरमध्ये बास मॅनेजमेंट बांधणाऱ्याला त्यासाठी जागा सोडावी लागते. पाच चॅनलचा खर्ज आणि वाढवलेला एलएफई एकाच क्षणी पूर्ण पातळीवर आले तर बेरीज ८.१६ पट होते (पाच अधिक १० डेसिबलचे ३.१६), म्हणजे साधारण १८ डेसिबल आधीच खाली उतरवायचे. ७.१.४ मध्ये (सात मुख्य, एक एलएफई, चार छतावरचे) छतावरचे चारही स्पीकर छोटेच असतात. त्यांच्यासह अकराही चॅनलचा खर्ज त्याच पेटीकडे वळवला, तर तोच आकडा २३ वर जातो.