देवगांडूळ

देवगांडूळ : उभयचर वर्गातील जिम्नोफिओना गणाचे बिनपायांचे, बहुधा मातीत राहणारे प्राणी. बेडूक आणि सॅलमँडर ही आजच्या उभयचरांची दोन परिचित घराणी. देवगांडूळ हे तिसरे आणि सर्वांत कमी अभ्यासले गेलेले. आज सुमारे २२० जाती ज्ञात असून त्यांची दहा कुले मानली जातात. मध्य व दक्षिण अमेरिका, आफ्रिकेचे उष्ण पट्टे, सेशेल्स बेटे, दक्षिण व आग्नेय आशिया असा यांचा विस्तार आहे. मादागास्कर आणि ऑस्ट्रेलियात ते आढळत नाहीत. भारतात सुमारे ४० जाती असून त्यांतल्या बहुतेक सह्याद्रीत आणि ईशान्येकडील राज्यांत आहेत.

पावसाळ्यात बागायतीतील पालापाचोळ्याखाली, शेणखताच्या ढिगात, ओढ्याकाठच्या दगडांखाली हा प्राणी दिसतो आणि गांडूळ, वाळा किंवा खापरखवल्या समजला जातो. साप समजून मारलाही जातो. वाळा आणि खापरखवल्या हे साप आहेत. त्यांच्या अंगावर बाहेरून खवले दिसतात. देवगांडुळाची कातडी ओलसर व बुळबुळीत असते आणि तिच्यावर वलये असतात. काही जातींत या वलयांच्या घड्यांत सूक्ष्म खवले दडलेले असतात. गांडुळाला हाडे नसतात, जबडा नसतो. देवगांडुळाला दोन्ही आहेत आणि दातही आहेत. डोळे कातडीखाली, काही जातींत चक्क हाडाखाली झाकलेले असतात. डोळा आणि नाकपुडी यांच्या दरम्यान एक छोटा संस्पर्शक (स्पर्शिका) आत-बाहेर होत असतो आणि मातीतला वास तो घ्राणेंद्रियापर्यंत पोहोचवतो. पृष्ठवंशी प्राण्यांत असे इंद्रिय दुसऱ्या कोणालाही नाही. कवटी भक्कम, जुळलेल्या हाडांची असते आणि बीळ तिनेच पाडले जाते. अनेक जातींत कातडी आतल्या स्नायूंना आणि कण्याला सैल जोडलेली असते. त्यामुळे बाहेरचे अंग बिळाच्या भिंतीला टेकून स्थिर राहते आणि आतला कणा, अस्तनीत हात सरकावा तसा, पुढे रेटला जातो. आकारमान जातीगणिक फार बदलते. कॅमेरूनमधील इडिओक्रेनियम जेमतेम दहा सेंमी. भरते, तर कोलंबियातील सिसिलिया थॉम्पसोनी दीड मीटरपर्यंत वाढते.

अभ्यासाचा इतिहास : लिनीअस यांनी १७५८ मध्ये हा प्राणी सापांत घातला. १८११ मध्ये ओपेल यांनी तो उभयचरांकडे आणला. श्रीलंकेत १८८० च्या दशकात पाउल आणि फ्रिट्झ सारासिन या दूरच्या चुलतभावांनी इक्थिओफिस प्रजातीचा (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) अभ्यास केला. अंड्यांच्या घोसाभोवती वेटोळे घालून बसलेल्या मादीचे त्यांचे वर्णन व चित्रे आजही प्रमाण मानली जातात. विसाव्या शतकात एडवर्ड टेलर यांनी संग्रहालयांतील नमुने तपासून डझनांनी नव्या जाती मांडल्या. त्यांचे काम मोठे आहे. पण ते प्रामुख्याने बाटलीतल्या नमुन्यांवर उभे आहे आणि जिवंत प्राण्याचे वर्तन त्यात फारसे नाही. ही उणीव गेल्या वीस वर्षांत काही अंशी भरून निघाली.

उगम व जीवाश्म : या गणाचा उगम हा पुराजीवशास्त्रातील जुना वाद आहे. जमिनीखालचे लहान, नाजूक सांगाडे जीवाश्मरूपात क्वचितच टिकतात, म्हणून पुरावा मुळातच तुटपुंजा. अ‍ॅरिझोनातील पूर्व जुरासिक काळातील, म्हणजे अंदाजे १९ कोटी वर्षांपूर्वीच्या, खडकांतून मिळालेल्या इओसिसिलिया मायक्रोपोडिया या प्राण्याचे वर्णन १९९३ मध्ये जेन्किन्स व वॉल्श यांनी केले. त्याला लहान पण स्पष्ट चार पाय होते. देवगांडुळाचे पूर्वज पायांचे होते एवढे त्यावरून निश्चित झाले. ते कोणाचे वंशज, हा प्रश्न तसाच राहिला.

याबाबत ढोबळमानाने तीन मते आहेत. पहिल्या मतानुसार आजचे तिन्ही उभयचर टेम्नोस्पाँडिल या प्राचीन गटातील डिसोरोफॉइड शाखेतून एकाच मुळापासून निघाले. दुसरे मत तिघांनाही लेपोस्पाँडिल या दुसऱ्या प्राचीन गटात नेते. तिसऱ्या मतानुसार बेडूक व सॅलमँडर एका मुळाचे आणि देवगांडूळ वेगळ्याच मुळाचे. या वेगळ्या मुळाच्या कल्पनेचे २०१७ मध्ये नव्या रूपात पुनरुज्जीवन झाले. कोलोरॅडोतील उत्तर ट्रायासिक काळातील चिन्लेस्टेगोफिस जेन्किन्सी या जीवाश्माचे वर्णन करताना पार्डो, स्मॉल व हटनलॉकर यांनी देवगांडुळांचा संबंध स्टिरिओस्पाँडिल या टेम्नोस्पाँडिलांच्याच दुसऱ्या शाखेशी जोडला. खालच्या जबड्यातील दातांची दुहेरी रांग हा त्यांच्या युक्तिवादाचा एक आधार होता. २०२३ मध्ये अ‍ॅरिझोनाच्या पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानातून फंकसव्हर्मिस गिलमोरी हा सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीचा जीवाश्म प्रसिद्ध झाला. हाती आलेले अवशेष मुख्यत्वे जबड्यांचे होते. मात्र ते अनेक प्राण्यांचे होते आणि खालच्या जबड्याची जुळणी देवगांडुळासारखी, तर काही लक्षणे डिसोरोफॉइडांकडे बोट दाखवणारी होती. एका-दोन नमुन्यांवर उभारलेल्या वंशवृक्षापेक्षा अनेक अवशेषांतून सारखेच दिसणारे लक्षण अधिक विश्वसनीय ठरावे. त्या दृष्टीने पहिले मत आज वरचढ दिसते. चिन्लेस्टेगोफिसमधील साम्ये बिळात राहण्याच्या सवयीमुळे स्वतंत्रपणे आलेली असण्याची शक्यता गंभीरपणे घेतली पाहिजे. फंकसव्हर्मिसचे धड आणि पाय यांविषयी मात्र पुरावा फारच अपुरा आहे. त्यावरून पाय केव्हा नाहीसे झाले याचा काळ ठरवणे घाईचे होईल.

संगोपन : अलीकडच्या सर्वांत लक्षणीय शोधांचा विषय आई आणि पिले हा आहे. केनियातील टाइटा टेकड्यांवरील बुलेंजेरुला टाइटाना या अंडज जातीत पिले आईची कातडी खातात, हे २००६ मध्ये कुप्फर व सहकाऱ्यांनी दाखवले. पिले असलेल्या मादीची बाह्यत्वचा जाड व स्निग्धयुक्त होते आणि पिलांना ती ओरबाडण्यासाठी खास दात असतात. एका आठवड्यात पिलांची लांबी सरासरी ११ टक्के वाढली आणि आयांचे वजन १४ टक्के घटले. २००८ मध्ये दक्षिण अमेरिकेतील सिफोनॉप्स अ‍ॅन्युलेटस जातीतही हेच आढळले. दोन खंडांवरच्या, दूरच्या नात्याच्या जातींत ही सवय असल्यामुळे ती बरीच प्राचीन असावी असे मानले जाते.

याच सिफोनॉप्सविषयी २०२४ मधील शोध अधिक चकित करणारा आहे. ब्राझीलमधील कोकोच्या मळ्यांतून आणलेल्या १६ माद्या पिलांसह साओ पाउलोच्या बुतांतान संस्थेत ठेवून दोनशेहून अधिक तासांचे चित्रण करण्यात आले. आईची कातडी पिलांना काही दिवसांच्या अंतरानेच मिळते. तरी पहिल्या आठवड्यात त्यांचे वजन दुपटीहून अधिक होत होते. एवढे पोषण येते कुठून? चित्रणात उत्तर सापडले. पिले आईच्या शेपटाकडच्या टोकाशी गोळा होतात, अंग घासतात, बारीक टिकटिक आवाज करतात आणि तोंडे अवस्कराच्या (मल, मूत्र व अंडी बाहेर पडण्याच्या सामाईक मार्गाच्या) छिद्राशी नेतात. आई ते टोक उचलते आणि दाट द्रव बाहेर येतो. असे दिवसातून सहा वेळांपर्यंत घडते. हा द्रव अंडवाहिनीतील फुगलेल्या ग्रंथींत तयार होतो आणि त्यात स्निग्ध पदार्थ व कर्बोदके विपुल असतात. पिलांच्या आवाजाला व स्पर्शाला आई प्रतिसाद देते, हा यातला सर्वांत मोलाचा भाग. देवगांडुळांत असा संवाद याआधी वर्णिलेला नव्हता. या द्रवाला दूध म्हणावे का, यावर मतभेद आहेत. सस्तन प्राण्यांच्या स्तनग्रंथींशी त्याचा वंशसंबंध नाही; कार्य मात्र तेच आहे, म्हणून कबुतराच्या ‘दुधा’प्रमाणे येथेही तो शब्द चालावा.

विष : सिफोनॉप्सच्या दातांच्या मुळाशी ग्रंथी असून त्यांच्या स्रावात सापाच्या विषात असते तशा प्रकारच्या विकराची (एन्झाइमची) क्रिया आढळते, असे बुतांतानच्याच गटाने २०२० मध्ये मांडले. ग्रंथी आहेत हे मान्य व्हावे. पण चाव्याने भक्ष्य विषबाधित होते याचा प्रत्यक्ष पुरावा त्यात नव्हता. ‘विषारी उभयचर’ ही बातमी त्यावेळी जगभर फिरली, तेव्हा हा फरक बहुतेक ठिकाणी गळून गेला. कातडीतील विषग्रंथी ही वेगळी बाब असून त्या शेपटीकडच्या भागात दाटलेल्या असतात. माणसाला देवगांडुळापासून धोका नाही.

सह्याद्रीतील जाती : महाराष्ट्रात इंडोटिफ्लस व जेजेनिओफिस या प्रजाती महत्त्वाच्या. खंडाळ्याच्या नमुन्यांवरून टेलर यांनी १९६० मध्ये इंडोटिफ्लस बॅटर्सबायीचे वर्णन केले. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे या भागात फारशी भर पडली नाही. मग २००३ मध्ये आंबोलीतून जेजेनिओफिस डॅनिएली (मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे जे. सी. डॅनियल यांच्या नावे) आणि रत्नागिरी जिल्ह्यातील डोर्ले येथून जेजेनिओफिस शेषाचारी, तर २००४ मध्ये कोयनेजवळच्या हुंबरळीतून इंडोटिफ्लस महाराष्ट्राएन्सिस या जाती प्रसिद्ध झाल्या. गोव्याच्या व म्हादई खोऱ्याच्या नावाच्याही जाती आहेत. यांतली जेजेनिओफिस शेषाचारी विशेष लक्षात ठेवण्यासारखी, कारण ती जरायुज आहे. गोवर, गिरी, धारणे व शौचे यांनी २००८ मध्ये हे दाखवले, तेव्हा पिलांना जन्म देणारा आशियातील तो पहिला ज्ञात उभयचर ठरला. कोकणातल्या मातीतून निघालेल्या या शोधाची मराठीत जेवढी दखल घेतली जायला हवी होती तेवढी घेतली गेली नाही. याच कुलातील इतर प्रजाती सेशेल्स बेटांवर आहेत. भारत व सेशेल्स एकमेकांपासून दूर सरकण्यापूर्वीच्या काळाचा हा दुवा मानला जातो.

ईशान्य भारतात सत्यभामा दास बिजू यांच्या गटाने पाच वर्षे, सुमारे २५० ठिकाणी मातीत खोदून केलेल्या शोधातून २०१२ मध्ये चिकिलिडी हे नवे कुलच मांडले गेले. त्याचे जवळचे नातलग आफ्रिकेत आहेत. फुटलेल्या गोंडवन या प्राचीन महाखंडाची ही आणखी एक खूण.

ऑनलाइन प्रसार : या प्राण्याविषयीची माहिती आज बव्हंशी जाळ्यावरूनच पसरते. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०१२ मध्ये नियम बदलले. झूबँक या नोंदवहीत नोंद असेल तर केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात प्रसिद्ध झालेले नवे नावही तेव्हापासून वैध धरले जाते. खुल्या नियतकालिकांत मजकुरासोबत चित्रफिती जोडता येतात आणि वर्तनाच्या अभ्यासाला त्याचा खरा फायदा झाला. पिले आईची कातडी ओरबाडताना पाहणे आणि त्याचे वर्णन वाचणे यांत मोठे अंतर आहे. अ‍ॅम्फिबियावेब व आयनॅचरलिस्ट यांवर कोणालाही जातींची यादी, नकाशे व छायाचित्रे पाहता येतात.

उलट बाजूचे उदाहरण म्हणजे अ‍ॅट्रेटोकोआना आयझेल्टी. फुप्फुसे नसलेला, मीटरभर लांबीपर्यंत वाढणारा हा जलचर देवगांडूळ दीर्घकाळ केवळ दोन जुन्या नमुन्यांवरून ज्ञात होता. २०११ मध्ये ब्राझीलमधील मदेरा नदीवर धरणाच्या कामासाठी पात्र कोरडे केले असता तो पुन्हा सापडला. पुढच्या वर्षी त्याची छायाचित्रे एका अश्लील टोपणनावासह, ‘नवा साप’ म्हणून जगभर फिरली. तो साप नव्हता आणि नवाही नव्हता. १९६८ मध्येच त्याचे वर्णन झालेले आहे. फुप्फुसाविना एवढा मोठा प्राणी श्वसन कसे करतो, हा खरा कुतूहलाचा प्रश्न त्या गलबल्यात मागे पडला.

छायाचित्रावरून जात ओळखण्यालाही मर्यादा आहेत. जेजेनिओफिसच्या जाती वेगळ्या करताना प्राथमिक व दुय्यम वलयांची संख्या, दुय्यम वलये कोठून सुरू होतात, दातांची मांडणी आणि संस्पर्शकाचे डोळा-नाकपुडीपासूनचे अंतर पाहावे लागते. वरून घेतलेल्या एका छायाचित्रात यांतले बहुतेक काही दिसत नाही, म्हणून कोकण-गोव्यातल्या नोंदी प्रजातीपर्यंतच ठेवणे योग्य. डोक्याचे बाजूने, अवस्कराचे खालून आणि पूर्ण अंगाचे एक अशी तीन छायाचित्रे, सोबत ठिकाण, तारीख व मातीचा प्रकार दिल्यास तज्ज्ञाला त्यांचा उपयोग होतो. प्राणी ओल्या हाताने, थोडाच वेळ धरावा आणि उचललेला दगड होता तसा परत ठेवावा.