लिक क्रीक : तेरा जागांवरून टिपलेलं जंगल

त्याच जागी उभं राहून काही वर्षांनी तोच फोटो पुन्हा काढायचा, ही पद्धत आली हिमनद्यांच्या अभ्यासातून. १८८०च्या दशकात सेबास्टियन फिन्स्टरवाल्डर या जर्मन गणितज्ञाने आल्प्समध्ये ती वापरली. जंगलाच्या बाबतीत तिचा सर्वांत बोलका दाखला, मला विचाराल तर, अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातला, बिटररूट राष्ट्रीय वनातल्या लिक क्रीकचा.

तिथे १९०६ ते १९११ दरम्यान पाँडेरोसा पाइन या सूचिपर्णी झाडांची मोठी तोड झाली. सरसकट रान न साफ करता निवडक झाडं काढण्याचं ते काम होतं. अमेरिकी वनसेवा तेव्हा नुकतीच, १९०५ साली, उभी राहिली होती. १९०९ मध्ये या जंगलाचे फोटो निघाले आणि पुढे १९९७ पर्यंत १३ जागांवरून तीच दृश्यं पुन्हा पुन्हा टिपली गेली. हे काम चिकाटीचं आहे. जागेवर खुंटी हवी, कॅमेऱ्याची दिशा आणि उंची लिहून ठेवायला हवी, शक्यतो ऋतूही तोच हवा. आपल्याकडे वृक्षलागवडीचा ‘आधी’चा फोटो मे महिन्यातला आणि ‘नंतर’चा श्रावणातला असला, तर त्यातून फक्त पाऊस दिसतो.

१९०९च्या चित्रांत जाडजूड पाइन सुटे सुटे उभे आहेत. बुंध्यांमधून नजर लांबवर जाते. पुढच्या चित्रांत ती अडू लागते. कोवळे पाइन आणि डग्लस फर ही दुसरी सूचिपर्णी झाडं दाटीने वर येतात. बघणाऱ्याला वाटावं, वा, जंगल सुधारलं! प्रत्यक्षात ते दुखण्याचं लक्षण होतं. पूर्वी विजेमुळे किंवा स्थानिक आदिवासींनी लावल्यामुळे तिथे थोड्या थोड्या वर्षांनी जमिनीलगतची आग फिरत असे. गवत आणि रोपटी जळत, जाड सालीचे पाइन तगून राहत. १९१०च्या ऑगस्टमध्ये आयडाहो-मोंटानात सुमारे ३० लाख एकर जळून गेल्यावर दिसेल ती आग विझवण्याचं धोरण पक्कं झालं. रोपट्यांना आवर घालणारं काही उरलं नाही, आणि शेंड्यांपर्यंत वणवा चढायला त्यांचीच शिडी तयार झाली.

१९९०च्या दशकात लिक क्रीकला विरळणी करून, म्हणजे दाटीतली काही झाडं काढून, काही भागांत ठरवून आग लावून पाहिली. त्या भागांत नजर पुन्हा लांबवर जाऊ लागली. झाडं मात्र बहुतेक त्या जुन्या तोडीनंतर वाढलेली. १९०९च्या बुंध्यांइतकी जाड व्हायला त्यांना अजून बराच काळ लागेल.